पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे

“या बँडला ‘खेळकर’ म्हणणाऱ्या माणसाचे कान आधी धुऊन काढले पाहिजेत!” मी माईकवर म्हणालो, आणि आमच्या ग्रामोफोन श्रोता मंडळातले बावीस जण खुर्च्यांवर जरा सावरून बसले. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात इंग्रजी गाणं ऐकलं नव्हतं, आणि उरलेल्यांना ते ऐकायचं नव्हतं. मला त्याचं काही नव्हतं. तीन वर्षं भांडून मी ही रविवारची सकाळ मिळवली होती.

सांगलीतली, २००१ सालची गोष्ट. आमच्या मंडळाची रीत अशी, की महिन्यातनं एकदा एका सभासदानं एका कलाकाराच्या रेकॉर्डी लावायच्या, मधेमधे उठून बोलायचं, आणि शेवटी सगळ्यांनी पोहे खायचे. नाट्यपदं, ठुमऱ्या, भावगीतं. मी छत्रीवाल्यांचं नाव काढलं की आमचे सेक्रेटरी आरवाडे सर हात झटकायचे. “मगदूम, तो धांगडधिंगा इथं नको. इथं कानसेन बसतात.” धांगडधिंगा! अहो, एक ओळ तरी ऐकली होती का ह्यांनी? न ऐकता नावं ठेवायची, आणि वर कानसेन म्हणवून घ्यायचं!

छत्रीवाले म्हणजे द अंब्रेला मेंडर्स. आमच्या घरातलं नाव छत्रीवाले. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड गावची चार माणसं. दहा वर्षांत त्यांनी पाच रेकॉर्डी काढल्या आणि एकही चालली नाही. कुणातरी बड्या बँडच्या आधी ह्यांना अर्धा तास वाजवायला उभं करायचे, तेव्हा लोक बाहेर बिअर पीत असायचे. तिकडच्या पेपरांनी दोन ओळींच्या वर जागा दिली नाही. आणि गाणी कसली होती! एक होतं शेवटची फेरी मारणाऱ्या बस कंडक्टरवर. एक होतं सव्वीस वर्षं उशिरानं लायब्ररीचं पुस्तक परत करायला आलेल्या बाईवर, आणि दारात उभी राहून आत जावं की नाही असा तिचा विचार चाललाय, एवढंच गाणं. प्रेम नाही, क्रांती नाही, काही नाही. गायक टॉम अॅकरॉइड, खर्जातला आवाज. मागं गळ्यात अडकवायची पेटी, अॅकॉर्डियन, ती अगदी संथ वाजायची. जगात एवढा दुःखी बँड दुसरा झाला नाही, असं माझं मत होतं, आणि ते मी बावीस माणसांच्या गळी उतरवणार होतो.

कारण तसंच घडलं होतं. छत्रीवाल्यांची सगळी कारकीर्द एकत्र करून तिकडच्या कंपनीनं तीन सीड्यांचा संच काढला होता, सोबत जाड पुस्तिका. मी तो लावला आणि माझं डोकंच फिरलं. सगळी गाणी पळत होती! टॉमचा आवाज कोवळ्या पोरासारखा, अॅकॉर्डियन वरातीत वाजवल्यासारखी. आणि पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘उत्तर इंग्लंडातला सगळ्यात खेळकर बँड, लग्नाच्या पार्ट्यांत लोक ह्यांच्या गाण्यांवर नाचत.’ नाचत! बस कंडक्टरच्या गाण्यावर! ज्या माणसांना हयातभर कुणी विचारलं नाही, त्यांना शेवटी मान मिळतोय म्हणावं, तर तोही असा वाटोळं करून. हल्लीच्या लोकांना धीर नाही म्हणून कंपनीनं गाणी दामटली असणार, याबद्दल मला शंका नव्हती. माझ्याकडं पुरावा होता. मूळ रेकॉर्डींवरनं भरलेल्या पाच कॅसेटी.

त्या माझ्या अक्कानं पाठवल्या होत्या. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण पद्मजा. त्र्याऐंशी साली डॉक्टर जयपाल चौगुल्यांशी लग्न करून ती ब्रॅडफर्डला गेली. तिच्या गल्लीच्या टोकाला चर्चचा हॉल होता, तिथं छत्रीवाले वाजवायचे. तिनं त्यांच्या रेकॉर्डी घेतल्या आणि मला भरून धाडल्या. प्रत्येक बाजूच्या शेवटी उरलेल्या टेपवर ती दोन-तीन मिनिटं बोलायची. गाण्यात काय म्हटलंय ते समजावायची, घरचं सांगायची. ट्रंक कॉलवर तेव्हा ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यापलीकडं काही होत नसे. म्हणून अक्काचा आवाज म्हणजे आमच्यासाठी कॅसेटवरचा आवाज.

तो ऐकून आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “पोरगी सुखात नाही.”

इथं असताना अक्का पायऱ्या दोन-दोन उतरायची. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ द्यायची नाही. आणि कॅसेटवर जड आवाज, शब्द ओढत ओढत. ‘घर बरं आहे. जयपाल बरे आहेत. तुम्ही काळजी करू नका.’ असं ज्या आवाजात ती सांगायची, तो ऐकून काळजी करायची नाही तर काय करायचं? ‘ट्यूजडे मार्केट’ नावाचं एक गाणं होतं. ते संपल्यावर अक्का बोलायला लागते, बोलता बोलता थांबते, आणि हुंदका येतो. एकदा नाही, दोनदा. आईनं तो हुंदका शंभर वेळा ऐकला असेल. पत्रातनं विचारलं तर उत्तर यायचं, ‘अगं, मी मजेत आहे.’ आई म्हणायची, “पत्र तो वाचत असणार.”

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात अक्का गेली. मेंदूज्वर, तीन दिवसांत. तिकडंच सगळं उरकलं. जानेवारीत दाजी तिचं सामान घेऊन सांगलीला आले. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आणि मी, तेवीस वर्षांचा, रागानं फुटायला आलेला, आतनं टेपरेकॉर्डर उचलून दारात आणला आणि सगळ्या गल्लीसमोर त्यांना तो हुंदका ऐकवला.

“ऐका! ही आमची अक्का! काय केलंत तिचं?”

दाजी सूटकेस हातात धरून उन्हात उभे होते. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, “श्रेणिक, हा तिचा आवाज नाही.”

एवढा निगरगट्टपणा मी पाहिला नव्हता. धडधडीत कॅसेट वाजतेय आणि हा माणूस म्हणतोय तिचा आवाज नाही! मी सूटकेस हिसकावून घेतली आणि दार लावलं. पुढं त्यांची पत्रं आली, ती आप्पांनी न फोडता परत धाडली. आप्पा गेले तेव्हाही आम्ही त्यांना कळवलं नाही.

तेरा वर्षांनी हा सीड्यांचा संच पाठवला तो त्यांनीच. वर एक चिठ्ठी, ‘पद्मजाच्या छत्रीवाल्यांचं आलंय. तुला पाठवावंसं वाटलं.’ खाली फोन नंबर. मी पार्सल परतच करणार होतो, पण छत्रीवाल्यांचं नाव बघून हात अडला. आणि ऐकल्यावर मला वाटलं, बरोबर आहे, ह्या माणसाकडून येणार ते असलंच येणार.

तर त्या रविवारी मी माईकवर सांगितलं, “आधी ही सीडी ऐका, मग हीच चीज कॅसेटवर ऐका, आणि तुम्हीच सांगा गळा कुणी दाबलाय.” आणि ‘ट्यूजडे मार्केट’ लावलं. सीडीवरचं वाजत असताना दोघातिघांचे पाय हलायला लागले. मला ते बघवेना. मी ते मधेच तोडून कॅसेट लावली. गाण्यानंतर अक्काचा आवाज येतो, तो मी परक्यांसमोर कधीच लावत नसे, म्हणून बोट बटणाजवळच ठेवलं होतं. पहिलं कडवं झालं आणि पुढच्या रांगेतनं आवाज आला.

“थांबा की वो मगदूम.”

दत्तोबा लाड. वय पंचाहत्तर, गावभागात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचे. मंडळाचा खरा कान म्हणजे हा माणूस. जुन्या रेकॉर्डी सगळ्या एका वेगात भरलेल्या नसतात, म्हणून आमच्याकडं कुठलीही रेकॉर्ड लावण्याआधी दत्तोबा पेटीवर तिची पट्टी बघायचे, आणि ती नीट बसेपर्यंत मशीनचा वेग कमीजास्त करायचे. गायक आपल्या पट्टीत आला की मान हलवायचे, मग गाणं सुरू. माझी कॅसेट इंग्रजी, म्हणून त्या दिवशी कुणी पेटीला हात लावला नव्हता.

“ह्यातली खोटी कुठली म्हणायची?” दत्तोबांनी विचारलं.

“सीडी! कंपनीनं पळवलीय. आवाज ऐकलात ना? पोरकट करून टाकलाय.”

“बरं. सीडी लावा परत.”

त्यांनी पेटी पुढ्यात ओढली. सीडी सुरू झाली तसा त्यांनी एक सूर दाबून धरला. अॅकॉर्डियन आणि त्यांची पेटी एकमेकांत अशी मिसळली की कुठली कुठं ते कळेना.

“पांढरी चार,” दत्तोबा म्हणाले. “आता तुमची लावा.”

कॅसेट लागली. दत्तोबांनी पांढरी दोन दाबली आणि तोंड वाकडं केलं. तिच्या लगतची काळी दोन दाबली, तोंड आणखी वाकडं झालं. पुन्हा पांढरी दोन, पुन्हा काळी दोन.

“हे मधेच हाय.”

“असेल मधे! त्यांची मर्जी.”

“मर्जी कशी असंल? गळ्यात अडकवली तरी पेटी ती पेटीच. आत पितळेचे सूर बसवलेले असत्यात. तारेचं वाद्य असतं तर म्हटलं असतं, पिळली खुंटी. पेटी अशी मधे कोण लावंल? दुसरी कॅसेट लावा.”

मी दुसरी लावली, मग तिसरी. ती गाणी त्यांनी आधी सीडीवर तपासली. प्रत्येक गाणं पेटीच्या कुठल्या ना कुठल्या सुरावर चपखल बसलं. कॅसेटवर तेच गाणं दर वेळी दोन सुरांच्या मधे, आणि दर वेळी तेवढंच खाली. दत्तोबांनी हात मांडीवर ठेवले.

“मगदूम, सीडी खरी हाय. ज्या मशीनवर तुमच्या कॅसेटी भरल्या ते मशीन पळत होतं. पळत्या मशीनवर भरलं की नीट मशीनवर रेंगाळतंय. सगळ्याच्या सगळ्या कॅसेटी रेंगाळल्यात.”

आरवाडे सरांना आयतंच मिळालं. “काय हो मगदूम, वीज मंडळात तुम्ही मीटर तपासायला ना? लोकांचं मीटर मंद चालतंय म्हणून घरात घुसता, आणि स्वतःच्या घरातलं सतरा वर्षं मंद चाललंय ते कळलं नाही होय?”

सगळा हॉल हसला. माझ्या कानशिलात रक्त चढलं. हसा! तुम्हांला काय कळतंय त्यातलं? सतरा वर्षं मी ती गाणी ऐकली होती. अक्का गेली तेव्हा तीच ऐकली, आप्पा गेले तेव्हा तीच. त्यातला एकेक उसासा मला पाठ होता.

“हा त्यांचा आवाज नाही!” मी ओरडलो. “सीडीवरचा हा टॉमचा आवाजच नाही! मला सांगताय? मी ओळखतो त्यांना!”

“आवाज कुणी ओळखायचा ते राहू दे,” दत्तोबा शांतपणे म्हणाले. “कान आपला सवयीनं बनतोय. मी पट्टी सांगतोय फक्त.” आणि मंडळाच्या डेकला वेग बदलायचं जे बटण होतं, ते त्यांनी ‘ट्यूजडे मार्केट’ची कॅसेट परत लावून पार शेवटपर्यंत पिळलं.

गाणं उठून उभं राहिलं. डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत म्हणा. माझा दुःखी टॉम बाजारात भाजीवाल्यांची नक्कल करत, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत गायला लागला. तंतोतंत सीडीवरचं. लोकांचे पाय पुन्हा हलायला लागले. आरवाडे सर म्हणाले, “अरे वा, हे बरंय की!” आणि ते ऐकून मी त्यांच्यावर असा घसरलो की सांगता सोय नाही. तीन वर्षं तुम्ही ह्याला धांगडधिंगा म्हणालात, आता नाचताय काय, वगैरे वगैरे. त्या भांडणात बंद करायच्या बटणावरचं माझं बोट सुटलं, आणि गाणं संपलं तेही माझ्या लक्षात आलं नाही.

“श्रेणिक्या! ऐकलंस का रे?”

मी वळलो. हॉलमध्ये अक्का बोलत होती.

“कसलं भारी आहे ना? घर बरं आहे, जयपाल बरे आहेत, तुम्ही काळजी करू नका. चर्चच्या बाजारातनं त्यांनी हे जुनं मशीन आणलंय, त्याच्यावरच भरतेय. आईला सांग, इथं ज्वारी मिळत नाही, मी मैद्याची भाकरी थापली आणि ती, ती अशी फुगली की जयपाल म्हणाले, ही आपण...”

शब्द तेच होते. प्रत्येक शब्द मला पाठ होता. पण एका दमात, एकावर एक पडत, ती बोलत होती. पायऱ्या दोन-दोन उतरत. आणि मग ती थांबली, आणि तो हुंदका आला.

हुंदका कसला! लहानपणी जैन बस्तीत, देवळात, प्रवचन चालू असताना आम्ही दोघं मागं बसायचो. हसू आलं की ती तोंडावर हात दाबायची, आणि मग ते नाकातनं फुटायचं. तेच हसू. एकदा दाबलेलं, सुटलं. परत दाबलं, परत सुटलं. “जाऊ दे, नाही सांगता येत मला,” असं म्हणून अक्कानं टेप बंद केली.



“कोण ओ ही?” दत्तोबांनी विचारलं.

“माझी बहीण.”

“लई हसरी हाय की.”

मी माईक ठेवला. पोहे तसेच राहिले. दत्तोबांना विचारून मी तो डेक रिक्षात घालून घरी आणला. वाटेत मला एकच दिसत होतं, दाजी उन्हात उभे आहेत आणि मी टेपरेकॉर्डर त्यांच्या तोंडासमोर धरलाय. आणि राग, एवढा राग मला कंपनीचा आला नव्हता, आरवाड्यांचा आला नव्हता. आता तो काढायचा कुणावर?

आई जेवायला थांबली होती. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती. मी डेक टेबलावर ठेवला, बटण पिळलेलंच होतं, आणि कॅसेट लावली. आई अक्काचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “हे काय केलंस?”

“काही नाही. वेग नीट केला. आधी तो कमी होता.”

“हुंदका कुठं गेला?”

“हुंदका नव्हताच, आई.”

ती उठली आणि माझ्या दंडावर थाडकन मारलं तिनं. “माझ्या पोरीचं दुःख मला कळत नाही होय? मशीन आणतोस, बटणं फिरवतोस! कुणाचा आवाज भरलास हा?” मीच अर्ध्या तासापूर्वी हॉलमध्ये तेच ओरडत होतो. मी परत लावली. मग तिनंच सांगितलं म्हणून आणखी एकदा. तिसऱ्यांदा अक्का ‘श्रेणिक्या’ म्हणाली तेव्हा आईनं खुर्ची डेकजवळ ओढली.

“मैद्याच्या भाकरीचं सांगतेय ती,” आई म्हणाली. “मला वाटायचं, पोटाला मिळत नाही म्हणून सांगतेय.”

मग म्हणाली, “आपण पाणीसुद्धा विचारलं नाही रे त्याला.”

“हो.”

“लाव फोन.”

तिकडं सकाळचे दहा वाजले असावेत. चिठ्ठीवरचा नंबर फिरवताना दोनदा चुकला. काय बोलायचं ते मी मनात जुळवलं होतं, माफीची तीन-चार वाक्यं, व्यवस्थित. पलीकडून इंग्रजीत “हॅलो” आलं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. दाजी तेव्हा पन्नाशीतसुद्धा नव्हते.

“दाजी, मी श्रेणिक.”

आई माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

“दाजी,” मी म्हणालो, “त्या कॅसेटवर अक्का हसतेय.”

“हो,” ते म्हणाले. “मी समोर बसून तिला हसवत होतो.”